सुखुमवितचे नामशुद्धिकार

बँकॉकच्या सुखुमवित रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांत, ज्यांना तेथे ‘सोई’ म्हणतात, वर्षानुवर्षे ठाण मांडून राहिलेल्या पाश्चात्त्य पेन्शनरांमध्ये एक वर्ग असा आढळतो की, थाई लोकांना इंग्रजीत काय म्हणावे हे इतरांना शिकवणे हेच त्याचे जीवितकार्य होऊन बसलेले असते. सोयीसाठी या वर्गाला नामशुद्धिकार म्हणता येईल. शेजारच्या टेबलावरचा नवखा प्रवासी ‘थायलंडर्स’ किंवा ‘थायलंडीज’ असे काही बोलून गेला की, नामशुद्धिकाराचा ग्लास ओठांपर्यंत न पोचता मध्येच थांबतो. माणूस एक असेल तर ‘थाई’, अनेक असतील तर ‘थाईज’ आणि विशेषण जेवणाचे असो वा मुष्टियुद्धाचे, पुन्हा ‘थाई’च, हा नियम तो अशा स्वरात ऐकवतो की, आपल्या हातून व्याकरणाचा नव्हे, व्हिसाचाच नियम मोडला असे त्या बापड्याला वाटावे.

नियम बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे; शिवाय त्याला सरकारी पाठबळही आहे. पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने १९३९ मध्ये ‘रत्थनियोम’ या नावाने राष्ट्रीय आचरणाचे आदेश काढायला सुरुवात केली, तेव्हा २४ जूनच्या पहिल्याच आदेशाने ‘सयाम’ हे नाव बाजूला सारून, इंग्रजीत देशाला ‘थायलंड’ आणि लोकांना ‘थाई’ म्हणावे, असे ठरवून दिले. ही तारीख नामशुद्धिकाराच्या जिभेवर असते. १९४५ मध्ये देश पुन्हा सयाम झाला आणि ते दशक संपण्यापूर्वीच पुन्हा थायलंड, हा तपशील मात्र तो घाईने उरकतो, कारण त्या मधल्या वर्षांपुरते ‘सयामीज’ शुद्ध ठरवावे लागते आणि तो शब्द त्याने मांजरांसाठी राखून ठेवलेला असतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. त्याच मालिकेतील तिसऱ्या आदेशाने उत्तरेचे, दक्षिणेचे, इस्लामी असे भेद न करता सर्वांना सरसकट ‘थाई’ म्हणण्यास सांगितले. तेव्हा पट्टानीचा मलय बोलणारा मुसलमान आणि ईसान या ईशान्य प्रदेशातील लाओ बोलणारा शेतकरी हे नागरिकत्वाने थाई ठरले, वंशाने आणि भाषेने काय, हा प्रश्न उरलाच. त्यावर नामशुद्धिकार ‘ताई’ ही संज्ञा काढतो (मराठी वाचकाने येथे वडील बहिणीचे स्मरण करू नये). ही त्या व्यापक भाषाकुलाची संज्ञा असून तीत ब्रह्मदेशातील शान, लाओसमधील लाओ आणि तेराव्या शतकात आसामात उतरलेले आहोमही येतात. एवढे होईतो प्रवाशाचे नूडल्स निवतात.

या शुद्धीला एकच गालबोट लागते, ते उच्चाराचे. थाई भाषेतील त्या शब्दाचा आरंभीचा वर्ण मराठी ‘थ’च्या बराच जवळचा असल्यामुळे, मुंबईहून आलेला प्रवासी अनेकवचन चुकवूनही ध्वनी बिनचूक काढतो आणि त्याला सुधारणारा गृहस्थ गळ्यातल्या टायचे नाव घ्यावे तसा ‘टाय’ म्हणतो. स्वतः थाई लोकांना तर या अनेकवचनाची गरजच पडत नाही. त्यांच्या भाषेत नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नसल्याने माणूस एक असो वा कोटी, ‘खोन थाई’ तेवढेच राहते. वाढपी मुलगी सहज ‘थायलंड पीपल’ म्हणून जाते, तेव्हा नामशुद्धिकार तिलाही तिची जात-कुळी समजावून देतो आणि ती हसून बिल आणायला जाते.

याउलट, ते लोक त्याला काय म्हणतात याविषयी कोणीच काटेकोर नसते. इंग्रज, स्वीडिश, ऑस्ट्रेलियन या सगळ्यांना मिळून तेथे ‘फरांग’ हा एकच शब्द आहे, जो आपल्या ‘फिरंगी’चाच सख्खा भाऊ, आणि पेरूलाही थाई भाषेत फरांगच म्हणतात. काचेच्या गाडीवर बर्फात रचलेल्या पेरूच्या फोडी तिखट-मीठ-साखरेच्या पुडीसह विकणाऱ्या बाईकडे तो गेला की, फरांग फरांग खातो आहे, हा तेथला जुना विनोद त्याच्या पाठीमागे हमखास होतो. त्याचा मात्र आग्रह असतो की, आपल्याला ‘ब्रिटिश’ नव्हे, ‘वेल्श’ म्हणावे. दर ९० दिवसांनी मुक्कामाची नोंद देण्यासाठी त्याला जो फॉर्म भरावा लागतो, त्याच्या इंग्रजी शीर्षकात तर त्याचा उल्लेख ‘एलियन’ असा असतो, आणि तेथे तो एकही दुरुस्ती न सुचवता सही करतो.