मोटारीतील भूसंपादन

मनुष्यस्वभावाचा असा एक विशेष आहे की, जे यंत्र मुळातच नेटके घडले आहे त्यात आणखी काही कोंबल्यावाचून त्याला स्वस्थता लाभत नाही. आणि बर्मिंगहॅमला स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने आपल्या जुन्या मिनी मोटारीत सुपरचार्जर बसवण्याचा संकल्प सोडला तो याच न्यायाने.

१९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी या जेमतेम दहा फुटी मोटारीत चार माणसे मावावीत म्हणून इंजिन आडवे घातले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या कुंडात सारला आणि रेडिएटर चाकाशेजारच्या कोपऱ्यात उभा केला. म्हणजे बॉनेटखालच्या इंच न् इंच जागेची मोजणी होऊन कब्जेदार कायम झालेले. अशा गावठाणात नवे कूळ वसवायचे, आणि कूळ तरी कसे, तर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून, त्याच्याच शक्तीतला वाटा आधी उचलून, मग त्यालाच दाबलेली हवा दानधर्माच्या थाटात बहाल करणारे!

पहिली नोटीस अल्टरनेटरला लागली. तो हलला तसा पट्टा अपुरा पडला. पट्ट्याची तजवीज झाली, तो असे निष्पन्न झाले की, मोकळी केलेली जागा पुढे, आणि इंजिनात हवा शिरण्याचे दार मागे. सबब नळी इंजिनाच्या डोक्यावरून न्यावी लागली, आणि बॉनेट मिटेना.

"मामा, विजेरी जरा डावीकडे," असे म्हणून भाच्याने अर्धा इंची पाना आत घातला. नट निसटला, तीनदा टणटणला, आणि जमिनीवर मात्र उतरलाच नाही. पालथे पडून आम्ही रीतसर पंचनामा केला, तरी आरोपी फरारीच राहिला.

बॉनेट कापणे भाच्याच्या जिवावर आले, तेव्हा मी बेंटलेचा दाखला दिला. १९२९ साली शर्यतपटू टिम बर्किनच्या आग्रहापायी साडेचार लिटरच्या बेंटलेला सुपरचार्जर लावला गेला, तो सरळ रेडिएटरच्या पुढे, उघड्यावर. खुद्द बेंटलेसाहेबांचा या प्रकाराला विरोध होता, आणि १९३० च्या ल मान्सच्या शर्यतीत त्या मोटारी शेवटपर्यंत टिकल्याही नाहीत, परंतु आज रसिकांची गर्दी जमते ती त्या बाहेर आलेल्या नाकापुढेच. भाच्याने दाखल्याचा सोयीचा तेवढा भाग ग्राह्य धरून बॉनेटला भोक पाडले.

असल्या फेरफाराची खबर विमा कंपनीला द्यावी लागते, ती त्याने इमानेइतबारे दिली. मोटारीची शक्ती किती वाढली याची चाचणी अद्याप व्हायची आहे. हप्ता किती वाढला ते मात्र उलटटपाली कळले.