पंखा, पाच रुपये आणि जावई

सासऱ्यांच्या हॉलमधला पंखा चारवर टाकला की दांड्यासकट डुलायचा. मेहुणा वायरमनला फोन लावत होता, तेवढ्यात सासरे म्हणाले, "वायरमन कशाला? जावईबापू मेकॅनिकलचे आहेत ना!"

कंपनावर माझा अधिकार काय, ते आधी सांगतो. 'डायनॅमिक्स ऑफ मशिनरी' हा विषय मी ज्या तऱ्हेने सोडवला, तिला त्याच विषयात 'फोर्स्ड' म्हणतात. जर्नल सीनियरच्या जर्नलवरून, त्याचं त्याच्या सीनियरच्या. मधे लॅबमधली मोटर बदलली, रीडिंग्ज बदलली नाहीत. ओरलला एक्स्टर्नलनी विचारलं, "क्रिटिकल स्पीड ओलांडल्यावर शाफ्टचं काय होतं?" मी ठणकावून सांगितलं, "तुटतो, सर." त्या वेगापलीकडे शाफ्ट नीट फिरूच शकत नाही, असं 1869 साली खुद्द रँकिननेही मांडलं होतं. पुढे स्वीडनच्या द लावालने आपली टर्बाइन त्या वेगाच्या पुढे नेऊन मजेत पळवली. म्हणजे माझी संगत तरी थोरामोठ्यांची होती.

पण हे सासुरवाडीत कोण सांगणार? मी कागद, कंपास आणि सेलोटेप मागवली. पद्धत अस्सल आहे. पंखा आहे तसा फिरवून डोलणं मोजायचं. मग तेच वजन आळीपाळीने एकेका पात्यावर लावून पुन्हा मोजायचं. त्या मापांची वर्तुळं काढली की ती जिथे एकत्र छेदतात, तिथून तोल किती आणि कुठल्या बाजूला ढळलाय ते कळतं. पंख्याला पाती तीन, 120 अंशांवर. मला तर पद्धत पंख्यासाठीच निघाली असावी असं वाटलं. वजन म्हणून पाच रुपयांचं नाणं घेतलं. भिंतीवरच्या सावलीला मी फूटपट्टी लावत होतो आणि सासरे आकडे लिहून घेत होते. "साडेतीन धरू की चार?" या प्रश्नावर विज्ञान उभं होतं.

वर्तुळं छेदेनात. एक तर दुसऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहीना. तेव्हा मी पंखा पाचवर टाकायला सांगितला.

हिशेब नंतर केला. मिनिटाला 350 फेऱ्या घेतल्या, तर 1200 मिलिमीटरच्या पंख्याच्या पात्याचं टोक ताशी 79 किलोमीटरने धावतं. तिथे चिकटवलेल्या सहा ग्रॅमच्या नाण्याला जवळजवळ अर्ध्या किलोचा हिसका बसतो. सेलोटेपला हे आधीच ठाऊक असावं. नाणं सुटलं ते थेट शोकेसमध्ये, आणि आग्र्याहून आणलेल्या ताजमहालाचा एक मिनार गेला.

हॉलमध्ये शांतता पसरली. सासूबाई आतून झाडू घेऊन आल्या. मला वाटलं, मिनार गोळा करायला. त्यांनी पंखा थांबवला, स्टुलावर चढून झाडूचा दांडा छताला टेकवला आणि एकेक पातं त्याच्यासमोर आणून पाहिलं. दोन पाती एका पातळीत होती, तिसरं बोटभर खाली. त्यांनी ते हाताने वर दाबलं. पंखा चारवर टाकला. डुलला नाही.

"दिवाळीला पुसताना माझ्याच हातून वाकलं होतं ते," त्या म्हणाल्या.

"मग आधी का नाही सांगितलंत, आई?"

"तुम्ही गोल काढत होता ना. म्हटलं, अभ्यास चाललाय, मधे कशाला बोला."