थडग्याची चावी

इंग्लंडात मृताच्या मालमत्तेतून थडग्यावर बेताचा दगड बसवायला कायद्याची फारशी हरकत नसते. पुढच्या झाडलोटीचं मात्र वेगळं. खासगी थडग्याच्या देखभालीसाठी पैसा अडकवून ठेवायला जुना न्याय साधारण २१ वर्षांपलीकडे राजी नाही. मेलेल्यांनी जिवंतांचा पैसा कायमचा अडवू नये, हे त्यामागचं तत्त्व.

जेम्स टायलर नावाच्या गृहस्थांनी यावर तोड काढली. ४२,००० पौंडांचे रोखे त्यांनी लंडन मिशनरी सोसायटीच्या नावे केले आणि हायगेटच्या दफनभूमीतल्या घराण्याच्या तळघराची चावीही तिच्याच हवाली केली. अट एकच. डागडुजीत हयगय झाली, की सगळी रक्कम ब्लू कोट या धर्मादाय शाळेला! १८९१ साली कोर्टानेही मान डोलावली. कारण संस्थेवर डागडुजीची सक्ती नव्हतीच; हवं तर पैसे घालवायची पूर्ण मुभा होती.

शाळेचा एखादा हिशेबनीस त्या तळघराच्या भिंतीत तडे शोधत फिरला असेल, तर नवल नाही. टायलरसाहेब वारसांच्या मायेवर विसंबले नाहीत की मिशनऱ्यांच्या भक्तीवर. एका धर्मादाय संस्थेच्या पैशावर दुसरीचा डोळा असतो, या शाश्वत सत्यावर ते निर्धास्त झोपले.