मिशा ऐकू येतात

दिवाळी सरली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री दंडार, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतके पाहुणे. दंडारीत गडीमाणूस लुगडं नेसून राणी होतो. लोकांना राणी दिसते. माझं आणि माझ्या डोळ्यांचं जन्मापासून पटलेलं नाही, त्यामुळे लुगड्याचा माझ्यावर काही परिणाम होत नाही. सगळे राणीवर खूश असतात तेव्हा मला तिच्या मिशा ऐकू येत असतात.

संगणकावर हीच दंडार कृतिदेव नावाचा फॉन्ट करतो. त्यात इंग्रजी ‘ई’ हे अक्षर ‘म’चं लुगडं नेसून उभं असतं, ‘जे’ ‘र’चं, आणि ‘के’ला कान्याचं काम मिळालेलं असतं. डोळसांना ‘मराठी’ दिसतं. माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, लुगड्याला भुलत नाही. एकेक अक्षर विचारलं की तो प्रामाणिकपणे सांगतो : ई, जे, के, बी, एच. ‘गोंदिया’ तर एक्स, के, एस, ए, एफ, एन, सेमीकोलन, के. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून हक्काचं घर आहे, पण एका कार्यालयातून मला येणारी पत्रं अजून लुगड्यातच येतात. एकदा फोन केला, “साहेब, पत्र वाचता येत नाही.” पलीकडून दिलासा मिळाला, “अक्षर मोठं करून पाठवतो.” पाठवलं. मिशा मोठ्या झाल्या होत्या.

मी वापरतो तो स्क्रीन रीडर म्हणजे एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला. फुकट मिळतो, त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, आणि बहुतेक सगळा पायथॉन या भाषेत आहे. त्याला जे जमत नाही ते आपण पायथॉनमध्ये लिहून जोडायचं. याला ॲड-ऑन म्हणतात. दोन-चार ओळी इकडून तिकडून जुळवण्याइतकं पायथॉन मला येतं, म्हणजे विहीर खणायला पुरेसं आणि वर यायला अपुरं.

एका रविवारी मी ॲड-ऑन लिहिलंच. निवडलेला कृतिदेव मजकूर घ्यायचा, ‘ई’चा ‘म’ करायचा, ‘जे’चा ‘र’, आणि मराठीत बोलायचं. एनव्हीडीएची कळ, शिफ्ट आणि के एकदम दाबलं की पत्र घडाघडा वाचलं जायचं. आनंदाच्या भरात ते तिरोड्याच्या मित्राला पाठवलं. तोही माझ्याच पंथातला. अर्ध्या तासात फोन.

“टाकलं बा. पण हे आहे कुठं?”

“कुठं म्हणजे? एनव्हीडीए, शिफ्ट, के दाब.”

“हे मला कोण सांगणार होतं?”

“मी आत्ता सांगितलं ना.”

“मंग तू काय ॲड-ऑनसोबत माझ्या घरी राहायला येणार आहेस?”

फोन ठेवल्यावर राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. डोळसाची नजर पडद्यावर भटकता भटकता एखाद्या बटणावर जाऊन पडते. आमची नजर म्हणजे खालचा बाण. एकदा दाबला की एक नाव ऐकू येतं, पुन्हा दाबला की दुसरं. जे या रांगेत उभं नाही ते आमच्या दृष्टीने जन्मालाच आलेलं नाही. मेन्यूबाहेरचं ॲड-ऑन म्हणजे पत्ता न सांगता उघडलेलं दुकान.

पण शहाणपण येण्याआधी मला एक सुधारणा सुचली. दर वेळी मजकूर निवडायचा तरी कशाला? एनव्हीडीए जे काही बोलेल ते आधी माझ्या चाळणीतून जाऊ दे. लिहिलं, चालू केलं. चालू करायची सोय होती. बंद करायची मंगळवारी करणार होतो.

चाळणीला काय ठाऊक, समोरचं अक्षर सोंगाडं आहे की खरंच इंग्रजी आहे! पुतणीचा मेसेज आला. मी विचारलं होतं, रविवारी जेवायला येतेस का? तिने इंग्रजीत दोन अक्षरी नकार पाठवला होता. कृतिदेवात ‘एन’ म्हणजे ‘द’ आणि ‘ओ’ म्हणजे ‘व’. संगणक हळुवारपणे म्हणाला, “दव.” पोरगी कविता करायला लागली म्हणून मला भरून आलं. मी लिहिलं, मग पुढच्या रविवारी? तिने ‘ओके’ कळवलं. संगणक म्हणाला, “वा.” स्वतःच्या कवितेला स्वतःच दाद. आमच्या घराण्यात हे नवं नाही, म्हणून तरीही शंका आली नाही.

शंका आली ती एनव्हीडीएचा मेन्यू उघडल्यावर. ‘टूल्स’च्या जागी “ज्ववसे” ऐकू आलं. ‘हेल्प’ म्हणाला “भ्मसच”. ‘एक्झिट’पाशी “म्गपज” असा घसा साफ केल्यासारखा आवाज आला. ज्या मेन्यूतून सुटका शोधायची त्याचीच वाचा गेली होती. मी प्रत्येक ओळ दोनदा ऐकत होतो आणि संगणक प्रत्येक ओळ तितक्याच श्रद्धेने म्हणत होता. स्वयंपाकघरातून आई आली.

“का गा, हा काऊन मंत्र म्हनून राह्यला?”

शेवटी कानांचा नाद सोडला आणि बोटांवर विसंबलो. एनव्हीडीए आणि क्यू दाबलं की बाहेर पडायची खिडकी येते. तिथे दोनदा खाली बाण आणि एंटर : सगळी ॲड-ऑन बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात. एनव्हीडीए उठला आणि शुद्ध इंग्रजी बोलला. इंग्रजी ऐकून इतका आनंद मला मॅट्रिकलासुद्धा झाला नव्हता.

मग बसलो आणि पाहुण्याला रीतसर घरात घेतलं. आधी टूल्सच्या मेन्यूत त्याचं नाव घातलं. ते काम दोन ओळींचं. दुरुस्ती केली की कंट्रोल, एनव्हीडीए आणि एफ ३ दाबून ॲड-ऑन पुन्हा भरायचं, ऐकायचं, पुन्हा दुरुस्ती. संध्याकाळी मेन्यू उघडला तर “कृतिदेव वाचक, कृतिदेव वाचक, कृतिदेव वाचक”. मोजले, अकरा निघाले. ॲड-ऑन उतरताना मेन्यूतलं आपलं नाव आपणच काढायचं असतं, त्यासाठी ‘टर्मिनेट’ नावाची वेगळी जागा असते. माझी ती रिकामी होती. मंडईचे पाहुणे निघून गेले होते, गाद्या मात्र ओसरीवर तशाच अंथरलेल्या. मी टर्मिनेटमध्ये गादी गुंडाळायची ओळ लिहिली, तेव्हा कुठे घर मोकळं झालं.

नंतर सेटिंग्जच्या खिडकीत त्याला स्वतःचं पान दिलं. डाव्या यादीत जनरल, स्पीच, ब्रेल यांच्या पंगतीत शेवटी कृतिदेव वाचक. आत एकच चौकोन, चाळणी लावायची की नाही. खूण केली तरी ‘सेव्ह’ची ओळ विसरलात तर ओके म्हटल्यावर खूण हवेत विरते. हे मला कसं माहीत ते विचारू नका. शिवाय कळांना वर्णन जोडलं, म्हणजे इनपुट जेश्चर्सच्या यादीत ते सापडतं आणि ज्याला शिफ्ट-के नको त्याने आपल्या सोयीची कळ लावून घ्यावी. तिरोडेकरांनी आधीच दुसरी लावली आहे. माझं काही ऐकायचं नाही असा त्यांचा बाणा आहे.

एवढं करून पाहुणा कायमचा होत नाही. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसं ॲड-ऑनला आपल्या कागदात लिहावं लागतं की एनव्हीडीएच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत आपण तपासलेले आहोत. साधारण वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत आतली मांडणी बदलते आणि जुना दाखला चालत नाही. २०१९.३ या आवृत्तीत सगळा संसार पायथॉन ३ वर गेला, तेव्हा तर कित्येक चांगली ॲड-ऑन जागच्या जागी बसली. २०२३.२ पासून एनव्हीडीएच्या आतच ॲड-ऑनचं दुकान आहे. माझं तिथे पाठवायची हिंमत अजून होत नाही. अकरा गाद्या आठवतात.

आता एक कबुली. चाळणी चालू केली की इंग्रजीत ‘ऑन’ आणि बंद केली की ‘ऑफ’ असं बोलायची व्यवस्था मी केली आहे. बंद करताना चाळणी आधी निघते, म्हणून ‘ऑफ’ नीट ऐकू येतं. चालू करताना मात्र चाळणी आधी बसते आणि मग ‘ऑन’ तिच्यातून गळतं. ‘ओ’चा ‘व’, ‘एन’चा ‘द’. संगणक खर्जात म्हणतो, “वद.”

चूक एका ओळीची आहे, वर-खाली केली की संपेल. परवा ती करायलाच बसलो होतो. आई तांदूळ निवडत बाजूला होती. कळ दाबली, संगणक म्हणाला, “वद.” मी विचारात गप्प. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. “ऑफ. वद.”

“आता तो वद म्हनते,” आई म्हणाली, “त तू काऊन चूप बसला गा? बोल ना.”

ती ओळ तशीच ठेवली आहे.