हॉलच्या भिंतीवर तारपा

हॉलमधली बारा फूट रुंद, नऊ फूट उंच भिंत रिकामी आहे असं वाटणं ही या कामाची पहिली पायरी, आणि बहुतेकजण तिच्यावरूनच घसरतात. भिंत रिकामी नसते. तिच्यावर स्विचबोर्ड असतो. एसीची नळी कोपऱ्यातून खाली उतरलेली असते. केबलवाल्याने ठोकलेले चुके केबल जाऊन चार वर्षं झाली तरी जागच्या जागी असतात. आणि बरोबर मधोमध, सासूबाईंच्या कॅलेंडरचा खिळा असतो. या सर्वांना कूळकायदा लागू आहे असं समजूनच ब्रश हातात घ्यावा.

विषय कोणता निवडावा याची काळजी नको, तो निवडलेलाच असतो. 'वारली काढ की, सोपं असतं, त्रिकोणच तर काढायचे,' असं घरातला चित्र न काढणारा प्रत्येक माणूस सांगतो. अशा वेळी त्या माणसाच्या हातात वही द्यावी आणि एकच मनुष्य काढायला सांगावा. दोन त्रिकोण, टोकाला टोक. वरचा जरा फुगला की माणूस तालमीतून आल्यासारखा दिसतो, खालचा फुगला की परकर नेसल्यासारखा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी याच दोन त्रिकोणांत आयुष्य घातलं आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. लग्नघरातला देवचौक सवाशिणींनी काढायचा हा रिवाज. मशे पुरुष असून, घरात लग्न नसताना रोज काढायला बसले. आमच्याकडे वाटणी उलटी आहे. काढते मी, आणि पुरुषमंडळी सोफ्यावर बसून रोज बघतात.

मूळ पद्धत अशी: कुडाची भिंत शेणमातीने सारवायची, गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे करू नये. शेणाला सोसायटी हरकत घेते, पिठाला मुंग्या. काडी मात्र मी चावून पाहिली. कुंचला झाला नाही, दाताचा डॉक्टर झाला.

आता पूर्वतयारी. ही जितकी कंटाळवाणी, तितकी महत्त्वाची. भिंतीवरून ओलं फडकं फिरवा. फडक्याला पांढरी भुकटी आली तर तो जुना डिस्टेंपर आहे. त्याच्यावर काहीही रंगवा, पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटून ते फरशीवर येईल. पत्र्याने खरवडा, पॉलिश पेपर मारा, खड्डे पुट्टीने भरा, प्राइमरचा हात द्या. त्याआधी ओल तपासायची. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी आतून येतंय. मग वरच्या मजल्यावर जाऊन नम्रपणे विचारणा करावी, 'आमच्या बाथरूममधून नाही, तुमच्याच पाइपचं असेल' हे उत्तर ऐकून घ्यावं, तिथला चहा प्यावा आणि खाली यावं.

डाग उरतोच. पण धीर सोडू नये. डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून बघा, त्यांत डोंगर, नद्या, झाडं दिसतील, असा सल्ला खुद्द लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत चित्रकारांना दिला आहे. मी दोन संध्याकाळी टक लावून पाहिलं. मला प्लंबरचं बिल दिसलं. शेवटी त्या जागी घनदाट झाड काढलं. पावसाळ्यात त्याला पालवी फुटते.

गेरूचा रंग हवा तेवढा एकाच वेळी मिसळून घ्यावा. दुसऱ्या खेपेला आणलेल्या डब्याची शेड पहिल्याशी जुळत नाही, आणि दुकानदार 'सुकल्यावर लागेल ताई' म्हणतो. सुकल्यावर अॅक्रिलिक आणखी गडद होतं आणि जुळत नाहीच.

मग चौकटी. बारा इंच गुणिले नऊ इंचांच्या कागदावर कच्चं चित्र काढून त्यावर इंचाइंचाच्या चौकटी आखायच्या, भिंतीवर फुटाफुटाच्या. दोरीला खडूची पूड चोळून दोन टोकं ताणून धरायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. दुसरं टोक धरायला नवरा लागतो. एका घरात टिकून राहायची इच्छा असेल तर हे काम रविवारी दुपारी काढू नये. एकूण चौकटी १०८ भरल्या. हा आकडा ऐकून सासूबाईंनी प्रथमच या प्रकल्पाला पाठिंबा जाहीर केला.

तारप्याचा नाच म्हणजे चित्राचा जीव. मधे दुधीभोपळ्याचा आणि बांबूचा तारपा फुंकणारा, त्याच्याभोवती कमरेत हात घालून नागमोडी गुंडाळत गेलेली माणसं. हे वळण हाताने साधत नाही. माझी युक्ती अशी: मधल्या खिळ्यावर शिवणाचं रिकामं रीळ बसवायचं, त्याला दोरी बांधायची, दुसऱ्या टोकाला खडू. दोरी ताणून फिरवत गेलं की ती रिळाभोवती गुंडाळत जाते, खडू आपोआप आत आत येतो आणि सुरेख चक्र उमटतं. सासूबाईंचा खिळा उपटून पुट्टी भरायची असं ठरलं होतं. पण इतका मोक्याचा मध्य दुसरीकडे कुठे मिळणार? खिळा राहिला. तारपेवाला त्याच्याच खाली उभा केला.

रंगवायला वरून सुरुवात करावी, म्हणजे ओघळ खालच्या रिकाम्या जागेवर पडतात. उजवा हात असेल तर डावीकडून उजवीकडे जावं, नाहीतर कोपरालाही नाच लागतो. गेरूवर पांढरी रेघ एका हातात बसत नाही, दुसरा हात द्यावाच लागतो. अधूनमधून चार पावलं मागे जाऊन चित्र बघावं असं जाणकार सांगतात. त्यांच्याकडे टीपॉय नसावा.

या टप्प्यावर घरातून अर्ज येऊ लागतात. सासऱ्यांना बैलगाडी हवी असते. ह्यांना 'कोपऱ्यात एक छोटासा गणपती'. धाकट्याला जेसीबी. एकही अर्ज फेटाळू नये. जेसीबी सोफ्यामागे काढावा. अर्ज मंजूरही होतो आणि झाकलाही जातो. 'हा नाचतोय की पडतोय?' असं विचारणाऱ्या पाहुण्याला 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच म्हणावं. स्विचबोर्डाची झोपडी करावी. मी केली. आता पाहुण्यांना 'पंखा लावायचाय? छपरावरचं दुसरं बटण' असं सांगावं लागतं, पण एसीच्या नळीचा ताड झाल्यापासून तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

जुन्या कब्जेदारांपुढे मोठमोठे हरलेत. मिलानच्या मठातल्या जेवणघरात लिओनार्दोने 'लास्ट सपर' काढलं, तेही कोरड्या भिंतीवर, त्यामुळे त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. पुढे १६५२ मध्ये तिथल्या साधूंना त्या भिंतीतून दार हवं झालं. दार पाडलं, आणि येशूचे पाय गेले.

आमच्या सासूबाई कनवाळू आहेत. त्यांनी कुठेही हातोडा मारला नाही. चित्र पूर्ण झाल्यावर त्यांनी चष्मा लावून कडेपासून कडेपर्यंत बघितलं, 'छान झालंय हो' म्हणाल्या, आत गेल्या, आणि कॅलेंडर आणून आपल्या खिळ्याला लावलं. सगळी माणसं आता एकादशी-संकष्टीभोवती फेर धरून नाचतात. महिन्याच्या एक तारखेला पान उलटताना, घटकाभर, तारपेवाला दिसतो.