क्लिपराव

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक क्लिपराव असतात. आमचे डोंबिवलीचे. पंगतीत जिलबी आली की बाकीचे ताट पुढे करतात, क्लिपराव वाढप्याला म्हणतात, "हातावर ऊन येऊ दे जरा. हां, आता परत वाढ." पूर्वी नोकरी सांभाळून लोक विम्याच्या पॉलिसी विकायचे. क्लिपराव व्हिडिओच्या क्लिपा विकतात. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, पाँडफाइव्ह ही अशा क्लिपांच्या ऑनलाइन बाजारांची नावं त्यांच्या तोंडी सदैव असतात. २०२२ साली शटरस्टॉकने पाँडफाइव्ह विकत घेतली, ती बातमी त्यांनी मला जिन्यात गाठून सोयरीक जमल्याच्या सुरात सांगितली होती.

या धंद्यात क्लिप साधारण ५ ते ६० सेकंदांची लागते. क्लिपरावांचा संसारही तेवढ्याच तुकड्यांत चालतो. वहिनी भाकरी थापायला बसल्या की ट्रायपॉड आधी उभा राहतो आणि तवा नंतर तापतो. जाहिरातीत वापरायच्या क्लिपमध्ये कुठल्याही कंपनीचा छाप दिसला की ती परत येते, म्हणून पिठाची पिशवी पाठमोरी, कुकरचं नाव भिंतीकडे आणि मिक्सरवर काळी चिकटपट्टी. "अहो, ती पट्टी काढा, बटणं दिसत नाहीत," असं वहिनी रोज म्हणतात. चिरंजीव घरात बनियन उलटा घालून फिरतात, कारण सुलट बाजूला कंपनीचं नाव आहे.

अशा क्लिपमध्ये माणूस ओळखू येत असेल तर त्याची लेखी संमती हवी. तिला मॉडेल रिलीज म्हणतात. क्लिपरावांनी तो कागद आईसमोर ठेवला, तेव्हा माउलीने चष्मा लावून मुलाकडे नीट पाहिलं.

"फ्लॅट नावावर करून घेतोयस का रे?"

"नाही गं आई, तुझा चेहरा जगात जाईल."

"मग साक्षीदार कशाला लागतोय?"

शेवटी दूधवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली. आजी खिडकीत बसल्या, बाहेर बघितल्यासारखं केलं, क्लिप झाली. मग शोधशब्दांचं काम. शटरस्टॉक ५० शब्द घेतं, अडोबी ४९, आणि क्लिपराव ते सगळे इंग्रजीत घालतात. गिऱ्हाईक शब्द टाकून शोधतं. शब्द चुकला की क्लिप असून नसल्यासारखी. क्लिपरावांनी म्हातारपण, सुरकुत्या, खिडकी असं करत एकटेपणाही घातला. नातीने ते आजीला वाचून दाखवलं. "एकटेपणा?" आजी उसळल्या. "या घरात? अरे, सकाळी मोरीला नंबर लावावा लागतो!" पण एकटेपणाला मागणी आहे आणि मोरीच्या नंबराला नाही, यावर क्लिपराव ठाम राहिले.

मागणीचं शास्त्र त्यांना ठेच लागून कळलं. सुरुवातीला ते मालवणचा सूर्यास्त टिपायला गेले होते. सूर्य उत्तम बुडाला, क्लिप मंजूर झाली आणि तिथेच पडून राहिली. कारण जगातल्या प्रत्येक हौशी माणसाने आपला सूर्यास्त आधीच तिथे नेऊन टाकला आहे. विकला गेला तो सोसायटीत आलेला पाण्याचा टँकर. बातमीपटाला टंचाई लागते, बँकेच्या जाहिरातीला पैसे मोजणारे हात लागतात, आणि ते कुणी हौसेने टिपत नाही. तेव्हापासून टँकर बघून आनंदणारा आमच्या वस्तीतला हा एकमेव नागरिक. रस्त्यावरचे खड्डे बुजवायला गाडी आली, तर हे आडवे गेले: "दोन दिवस थांबा हो, पावसाळी शॉट राहिलेत!"

पैशाचं विचाराल तर त्यांचा चेहरा अकाउंटंटचा होतो. अडोबी व्हिडिओवर ३५ टक्के देते. शटरस्टॉकचा दर १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत, जसजशा क्लिपा विकल्या जातील तसतसा चढत जातो. आणि १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता गच्चीवर सगळे एकमेकांना मिठ्या मारत असतात, तेव्हा क्लिपराव कठड्यापाशी सुतकात उभे असतात. शिवाय अमेरिकेतल्या विक्रीवर दोन देशांतल्या करारानुसार १५ टक्के कर तिकडेच कापला जातो. "अमेरिकेला कर भरतो आपण," हे मात्र ते छाती काढून सांगतात.

आता एआयचं यंत्रच चित्रं हलवायला लागलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, क्लिपरावांचं दुकान बंद होणार. मी तसं म्हटलंही. ते शांतपणे म्हणाले, "यंत्र खड्डा काढेल हो. पण कल्याण-शीळ रस्त्यावरचा खड्डा, त्यात अर्धी रिक्षा, आणि आत मोबाइलवर बोलणारं गिऱ्हाईक, हे त्याला सुचणार आहे का?"

मला हा माणूस आवडतो. आपण ज्याला वैतागतो त्याच्याकडे तो वीस सेकंद टक लावून बघतो. एवढं तर नगरसेवकही बघत नाही. तेव्हा तुमचे क्लिपराव कागद घेऊन दारात आले तर हाकलू नका. सही करा, पण आधी कागद पूर्ण वाचा आणि केस विंचरा. क्लिप कोण घेतो, कशासाठी घेतो, हे विकणाऱ्यालाही बहुधा कळत नाही.