चुना लावणारं पाणी

पनवेल मुळात तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही नावं एका दमात म्हटली तर श्लोकाचा चरण वाटावा. पण सार्वजनिक तळ्यात डुंबणं आता प्रतिष्ठेला शोभत नाही, म्हणून शहराबाहेरच्या फार्महाऊसांनी निळ्या टाइल्सची खाजगी तळी खोदून घेतली. पहिला उन्हाळा सरतो न सरतो तोच पाण्याच्या पातळीलगत चहूबाजूंनी एक पांढरी, खरखरीत किनार उमटते. मालक तिला घाण म्हणतात आणि माळ्याच्या हाती तारेची घासणी देतात. माझं म्हणणं एवढंच, की ही घाण नव्हे, ही उधारी आहे. आणि वहीतली उधारी खोडरबराने फिटत नाही.

वही उघडूनच पाहू. टाकी 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल धरली, तर पाणी झालं 72,000 लिटर. बोअरच्या पाण्यात लिटरमागे 250 मिलिग्रॅम चुनखडी धरली, की भरल्या दिवशीच टाकीत 18 किलो माल विरघळलेला असतो. आता पावसाळा संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत आठ महिने. रोज 5 मिलिमीटर पाणी उडालं असं समजा. 240 दिवसांत 1.2 मीटर, म्हणजे अख्खी टाकी वाफ होऊन गेली! वाफ जाते ती सडीफटिंग, सामान इथेच टाकून. भरपाईला पुन्हा बोअर, पुन्हा 18 किलो. शिवाय पाणी शुद्ध राहावं म्हणून ओंजळीने ब्लीचिंग पावडर, आणि ती तर चुन्यापासूनच बनवलेली. त्यात चुनखडीचा स्वभाव साखरेच्या अगदी उलटा. साखर गरम चहात चटकन विरघळते; चुनखडी मात्र पाणी तापलं की बाहेर पडते. उन्हाने तापलेली, लाटेने भिजणारी आणि पुन्हा वाळणारी काठावरची टाइल तिला आयतीच बैठक मिळते. इतकं झाल्यावर मालक विचारतात, हे पांढरं आलं कुठून?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: दोन कॅन ॲसिड ओतलं की प्रश्न मिटला. फसफसतं खरं, आणि पाहायला मजाही येते. पण टाइलच्या सांध्यांतल्या सिमेंटमध्येही चुनाच असतो, आणि ॲसिडला आप-पर भाव नसतो. थर गेल्यावर ते सांध्यांकडे वळतं. शेजारी ब्लीचिंगची बादली असली आणि दोघांची गाठ पडली, तर विषारी क्लोरीन वायू निघतो. मग पोहायला आलेले पाहुणे परस्पर दवाखान्यात. थरावर लिंबाचा रस पिळून बुडबुडे आलेच नाहीत, तर तो बहुधा सिलिकेटचा, म्हणजे महाहट्टी. त्याच्यापुढे ॲसिडही हात टेकतं. तिथे टाचा घासायच्या जातीचा सच्छिद्र दगड ओला करून महिनाभर घासत बसावं लागतं. टाकी रिकामी करून एकदाचं साफ करू म्हणणाऱ्यांनी पनवेलचा जुलै आठवावा. जमिनीतलं पाणी तेव्हा खालून असं रेटतं, की रिकाम्या टाकीला तडे जायची भीती.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे: मग जड पाणी नकोच, धरणाचं मऊ पाणी भरू. पण मऊ पाणी उपाशी असतं. त्याला चुना मिळाला नाही, तर ते तो भिंतीतून खातं आणि प्लास्टर खडबडीत होतं. हे भूक आणि अजीर्णाचं गणित 1936 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लँगेलियर नावाच्या प्राध्यापकांनी मांडलं. गंमत अशी, की नळांचं लोखंड गंजू नये म्हणून आतून चुन्याचा पातळ थर बसावा, हा त्यांचा हेतू. आपण ज्यासाठी माळ्यावर खेकसतो, ते त्यांना हवं होतं! तेव्हा औषध भिंतीला नव्हे, पाण्याला द्यायचं. पीएच 7.2 ते 7.4 च्या दरम्यान राखला आणि मुरलेलं पाणी थोडं थोडं बदललं, तर साधा थर आठवड्यागणिक मऊ पडत जातो आणि प्लास्टिकच्या ब्रशला ऐकतो. तारेच्या घासणीची गरजच उरत नाही. पण एवढा धीर कोणाकडे? पनवेलच्या खडकाचे थर समुद्राकडे वाकलेले आहेत, भूगर्भशास्त्रात त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ असं नावही आहे. इथला खडक वाकला. मालक वाकलेला कुठे नोंदलेला नाही.

बदलायला पाणी आणायचं कुठून, हाही प्रश्न पनवेलकराने विचारू नये. वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस इथे पडतो, म्हणजे आपली ती टाकी अडीच वेळा भरेल इतका. त्यात चुना जवळपास नाही, आणि टँकरवाल्याचं बिल तर मुळीच नाही. जूनच्या पहिल्या सरीला मालक लगबगीने बाहेर येतात, टाकीवर निळी ताडपत्री ताणतात, तिचा उतार गटाराकडे काढतात आणि आत जाऊन बोअरचा पंप चालू करतात.